देहूच्या मोरे घराण्याने जपलेली वडिलांची आठवण

श्रीक्षेत्र देहू येथील मोरे घराणे महाजनांचे व सावकारांचे. घराण्याचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी इंद्रायणीकाठी विठ्ठल-रखुमाईचे देऊळ उभारले, अशी परंपरा आहे. पुढे कालमानाने ते भंगले.

तुकाराम महाराजांचे मातापित्यांचे छत्र तरुणपणीच हरपले. थोरली भावजय वारली व थोरले बंधू सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. १६३० च्या दुष्काळात पहिली पत्नी रखमाबाई उपासमारीने गेल्या. पुढे महाराजांनी धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांस देऊन आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली. (त्याचे मोल कर्जात बुडालेल्या कुळांनाच ठाऊक!) लोकांकडील येणे सोडले, परंतु वाडवडिलांचे देऊळ मात्र सोडले नाही. देणगीदार नाही, गवंडी नाही. महिपतीबुवा सांगतात त्याप्रमाणे महाराजांनी स्वतः दगड गोळा केले, स्वतःच चिखल तुडविला व भिंती उभ्या केल्या.

१६५० साली महाराजांचे वैकुंठगमन झाले. कान्होबांनी बंधुवियोगाचे अभंग रचले. कनिष्ठ पुत्र नारायणबाबा यांचा जन्म त्यानंतरचा. वडिलांचे मुखही त्यांच्या दृष्टीस पडले नव्हते. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीस जाऊन ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका सोबत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली.