योजनेच्या नावाने येणाऱ्या बनावट लिंक व ॲप : मोबाईल आणि बँक खाते सुरक्षित कसे ठेवावे?

थोडक्यात

योजनेचा हप्ता आता थेट बँक खात्यात जमा होतो. त्यामुळे तुमचा मोबाईल क्रमांक, आधार आणि बँक खाते ही तिन्ही एकमेकांना जोडलेली असतात. यांपैकी एक जरी चोराच्या हाती लागले, तरी बाकीच्या दोघांपर्यंत पोहोचणे त्याला सोपे जाते. फसवणूक कशी होते, ती कशी टाळावी आणि झालीच तर पहिल्या तासात काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली. त्यात लाभार्थी महिलेच्या आधारवर एक आणि पती किंवा वडिलांच्या आधारवर एक असे दोन ओटीपी लागत होते. हप्ता बंद होईल या काळजीने अनेक जणी मोबाईलवर शोधाशोध करू लागल्या आणि त्याच सुमारास हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळेही समोर आली. पीएम-किसान योजनेच्या नावानेही व्हॉट्सॲपवर बनावट ॲपच्या फाइल फिरल्या आहेत. या योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात.

अनेक घरांत अडचण आणखी वेगळी असते. आई गावी असते आणि आधारला जोडलेला क्रमांक नोएडात किंवा पुण्यात कामाला गेलेल्या मुलाकडे असतो. ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि तो घाईघाईत वाचून सांगतो. समोर कोणी काय उघडले आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून हा लेख घरातल्या दोघांनीही वाचावा.

फसवणूक कशी होते?

१. बनावट संकेतस्थळ : नाव, बोधचिन्ह, छायाचित्रे सगळे खऱ्यासारखे असते. तुम्ही भरलेला आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी थेट चोराकडे जातो.

२. एपीके फाइल : ‘लाभार्थी यादी’, ‘केवायसी अपडेट’ अशा नावाची फाइल व्हॉट्सॲपवर येते. ती इन्स्टॉल करताना संदेश वाचण्याची परवानगी मागितली जाते. परवानगी दिली की बँकेचे ओटीपी तुमच्या नकळत दुसरीकडे पाठवले जातात. येथे तुम्ही कोणाला ओटीपी सांगितलेला नसतो, तरीही पैसे जातात.

३. बनावट फोन : ‘तुमचा हप्ता अडकला आहे’ असे सांगून ओटीपी मागतात, स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला लावतात किंवा चांदणीने (*) सुरू होणारा आकडा डायल करायला सांगतात. अशा आकड्याने तुमचे कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवले जाऊ शकतात. नोएडा परिसरात पोलिसांनी बनावट कॉल सेंटरवर अनेकदा छापे टाकले आहेत. फोनवरचा माणूस सराईतपणे आणि आदराने बोलतो, म्हणून तो सरकारी कर्मचारी आहे असे समजू नका.

४. अंगठ्याचा गैरवापर : आधारवर अंगठा लावून पैसे काढण्याच्या सुविधेत ओटीपी लागत नाही. ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा’ असे सांगून दोन व्यवहार केले जाऊ शकतात.

खरे संकेतस्थळ कसे ओळखावे?

पत्ता शेवटाकडून वाचा. पहिल्या तिरप्या रेघेच्या (/) आधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर ते सरकारी संकेतस्थळ आहे. लाडकी बहीण योजनेच्या पत्त्याचा शेवट ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. मध्ये कुठेतरी ‘गव्ह’ आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर ते बनावट समजा. शंका आल्यास अंगणवाडी सेविका, आपले सरकार सेवा केंद्र किंवा बँकेची शाखा येथे प्रत्यक्ष विचारा.

आजच करून ठेवा

• मोबाईलला स्क्रीन लॉक लावा. फोन घरात सगळे वापरत असतील, तर यूपीआय ॲपला वेगळे लॉक लावा.
• व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करा. गूगल खात्यालाही हीच सोय आहे.
• ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. ओळखीच्या माणसाने पाठवलेली एपीके फाइलही उघडू नका, कारण त्याचाच फोन चोराच्या ताब्यात असू शकतो.
• यूपीआय पिन पैसे पाठवण्यासाठी असतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही.
• ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. फोन हरवल्यास तो तेथूनच बंद करता येतो.
• ‘माय आधार’ पोर्टलवरून बोटांचे ठसे लॉक करता येतात. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. जाण्यापूर्वी तो तात्पुरता उघडा. मदतीसाठी १९४७ वर फोन करा.
• अंगठा लावून पैसे काढल्यावर पावती घ्या आणि त्यावरील रक्कम वाचून घ्या.

फसवणूक झाल्यास काय करावे?

१. फोनचे इंटरनेट लगेच बंद करा.
२. दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ते गोठवणे शक्य असते, म्हणून प्रत्येक मिनिट महत्त्वाचे आहे.
३. बँकेला कळवून खात्यातून पैसे काढणे बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.
४. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यानुसार, गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची असते. खाते गावच्या बँकेत आणि तुम्ही नोएडात असाल, तरी तक्रार तेथेच देता येते.
५. संशयित ॲप काढून टाका. ते निघत नसेल, तर फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करून घ्या. पिन आणि पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून बदला.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : पैसे परत मिळतात का?
उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास मूलभूत बचत खात्यासाठी ती जास्तीत जास्त ५,००० रुपये आहे.

प्रश्न : ओटीपी मीच सांगितला. आता तक्रार करून काय उपयोग?
उत्तर : उपयोग आहे. बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुम्हाला सोसावे लागू शकते, पण कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते.

प्रश्न : घरच्यांना सांगायला भीती वाटते.
उत्तर : फसवले जाणे हा तुमचा गुन्हा नाही. बोलणी बसतील म्हणून गप्प राहिल्यास चोराला वेळ मिळतो. आधी १९३० वर फोन करा, मग घरी सांगा. आणि घरात कोणी असे सांगत आले, तर रागावण्याआधी त्यांना फोन लावून द्या.