दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत श्वास कसा सांभाळतात?

पित्ताशयातील खडे, हर्निया, अपेंडिक्स, गर्भाशय अशा अनेक शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होतात. भारतात पित्ताशयाची पहिली अशी शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. छिद्रे लहान असल्याने भूलही किरकोळ असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. म्हणून ही माहिती आम्ही सभासदांसाठी देत आहोत.

पोटात वायू का भरतात?
आतले नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. मात्र फुगलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते आणि फुप्फुसांना पसरायला जागा कमी उरते. स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे रुग्णाचा स्वतःचा श्वासही थांबलेला असतो. त्यामुळे श्वासाचे सर्व काम यंत्राला करावे लागते.

नळी की मास्क?
श्वासनलिकेत घालायच्या नळीच्या टोकाशी छोटा फुगा असतो. तो फुगवला की बाजूची फट बुजते. हवा बाहेर गळत नाही आणि जठरातले पाणी-अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून या शस्त्रक्रियांत बहुधा नळीच वापरतात.

दुसरे साधन लॅरिंजियल मास्क. ब्रिटनचे डॉ. आर्ची ब्रेन यांनी ते १९८०च्या दशकात तयार केले. ते श्वासनलिकेत न जाता तिच्या तोंडाशी बसते, त्यामुळे घशाला त्रास कमी होतो. प्रोसील, आय-जेल या पुढच्या प्रकारांत जठरातील द्रव बाहेर येण्यासाठी वेगळा मार्ग असतो. पोट रिकामे असलेल्या, स्थूल नसलेल्या निवडक रुग्णांत काही भूलतज्ज्ञ ते वापरतात.

यंत्राचा श्वास
एका श्वासात किती हवा द्यायची, हे उंचीनुसार ठरणाऱ्या आदर्श वजनावरून काढतात : किलोमागे सुमारे ६ ते ८ मिलिलिटर. श्वास सोडल्यावरही थोडा दाब राखला जातो, म्हणजे फुप्फुसातील वायुकोश मिटत नाहीत. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पडद्यावर सतत दिसतो. तो वाढू लागला की श्वासांची गती वाढवतात. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत डोके खाली केले जाते. तेव्हा नळीचे टोक उजव्या फुप्फुसाच्या शाखेत शिरू शकते, म्हणून दोन्ही बाजूंना हवा जाते ना, हे पुन्हा तपासतात.

आपण काय सांगावे?
साधारण नियम असा : साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, हलका आहार सहा तास आधीपर्यंत, तळलेले किंवा जड जेवण आठ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. सकाळी घोटभर घेतला असेल, तर तारीख पुढे जाईल या भीतीने लपवू नका. भरल्या पोटी दिलेली भूल जिवावर बेतू शकते. कवळी, हलणारे दात, झोपेतील घोरणे, छातीतील जळजळ, दमा, तंबाखू किंवा मिश्रीची सवय हेही सांगा. साधनाची निवड यावरच ठरते.

नंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो, उरलेल्या वायूमुळे खांदाही दुखतो. हे बहुधा आपोआप थांबते. धाप लागली, छातीत दुखले किंवा ताप आला, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा.