अपडेटनंतर मंदावलेला फोन : एका वादाचा इतिहास

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस बजावली. आयओएस १८ च्या अपडेटनंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आल्या होत्या. लखनौचे गोमती नगर असो वा पुण्याचे कोथरूड, या हेल्पलाइनचा क्रमांक एकच : १९१५.

अशा संशयाचे मूळ २०१७ मध्ये आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते, तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकाएकी अधिक विद्युतप्रवाह मागितला की व्होल्टता घसरते आणि फोन अचानक बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये अशा फोनचा कमाल वेग मर्यादित केला. ग्राहकांना मात्र तसे स्पष्ट सांगितले नाही. नवी बॅटरी बसवताच तोच फोन पुन्हा वेगाने चालू शकत होता, हेही त्यांना कळले नाही.

डिसेंबरमध्ये ‘गीकबेंच’चे जॉन पूल यांनी चाचण्यांचे आलेख प्रसिद्ध केले. दोनच दिवसांत कंपनीने कबुली दिली, पुढे क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ पासून बॅटरीची स्थिती ग्राहकाला फोनवरच दिसू लागली. २०२० मध्ये अमेरिकेतील खटल्यात कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड मान्य केली.

तांत्रिक उपाय समर्थनीय होता. तो दडवणे महागात पडले.