मोकळे भूखंड, अर्धे रस्ते : दिल्लीची जुनी कथा

दिल्ली आणि आसपास स्थायिक झालेली आपण मराठी मंडळी एकत्र जमलो की दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे कॉलनीतला झाडाझुडपांनी माजलेला मोकळा भूखंड आणि दुसरा म्हणजे खणून ठेवलेला रस्ता. पावसाळ्यात डास, अंधारात साप-किरडूची भीती, मुलांना खेळायला जागा नाही आणि रिक्षावाला आत यायला तयार नाही! शेवटी 'इथली माणसंच अशी' असे म्हणून आपण विषय संपवतो.

मी काही इतिहासकार नाही. रेल्वेत काम करणारा पदविकाधारक सिव्हिल इंजिनिअर आहे. परंतु जमीन कागदावर मिळणे आणि प्रत्यक्ष हातात येणे यांतले अंतर रोज पाहतो. दिल्लीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला तर आपल्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा याच अंतरात सापडते.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. नवी राजधानी चारेक वर्षांत उभी राहील असा अंदाज होता. प्रत्यक्षात उद्घाटन झाले १३ फेब्रुवारी १९३१ रोजी. पहिले महायुद्ध हे मोठे कारण होतेच, पण आम्हा रेल्वेवाल्यांच्या जिव्हाळ्याचे आणखी एक कारण होते. आज जिथे इंडिया गेट आणि कर्तव्य पथ आहे, त्या जागेतून तेव्हा आग्रा-दिल्ली लोहमार्ग जात होता. तो उचलून यमुनेच्या बाजूने नेला गेला आणि नवा मार्ग १९२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे साम्राज्याच्या सर्वांत देखण्या रस्त्यालाही आधी रूळ हटण्याची वाट पाहावी लागली! त्याच परिसरात बडोद्याच्या गायकवाड महाराजांसाठी ल्युटन्सने आराखडा केलेला वाडा १९३६ मध्ये पूर्ण झाला. आज त्या बडोदा हाऊसमध्ये उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे.

पुढे १९३७ मध्ये दिल्ली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या शहराची दाटी कमी करणे आणि नव्या वस्त्या वसवणे हे त्याचे काम. स्वातंत्र्यानंतर घनश्यामदास बिर्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ट्रस्टच्या कारभाराची चौकशी केली आणि १९५१ च्या अहवालात त्याच्यावर कडक टीका केली. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे आपले डी.डी.ए., अस्तित्वात आले.

१३ नोव्हेंबर १९५९ रोजी दिल्लीच्या नियोजित विकासासाठी तब्बल ३४,०७० एकर जमिनीच्या संपादनाची अधिसूचना निघाली. आपल्या भूखंडाची गोम इथे आहे. १८९४ च्या कायद्याप्रमाणे मोबदल्याचा भाव अधिसूचनेच्या दिवशीचा धरला जाई. मात्र पुढची घोषणा, निवाडा आणि ताबा यांना वर्षे लागत. यातील काही जमिनींची पुढची घोषणा १९६६ मध्ये झाली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७४ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. मधल्या काळात मूळ मालकाला जमिनीत पैसा घालण्याचे कारण उरत नसे आणि सरकारच्या ताब्यात ती आलेली नसे. अशा जमिनीवरचे गवत कोण काढणार?

याची झळ मध्यमवर्गीयांनाही बसली. १९८१ च्या रोहिणी निवासी योजनेत ज्यांनी भूखंडासाठी पैसे भरले, त्यांच्यापैकी कित्येकांना तीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. अर्ज बापाने केला आणि खेटे मुलाने घातले, अशी स्थिती झाली.

आता त्या भूखंडावर माजलेल्या गवताबद्दल. दिल्लीकर ज्याला गाजर घास म्हणतात, ते आपले काँग्रेस गवत किंवा गाजर गवत. अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याबरोबर ते आले असा सर्वसाधारण समज आहे. देशात ते ठळकपणे नोंदले गेले १९५५ च्या सुमारास, आणि तेही आपल्या पुण्यात! तेव्हा 'आपल्याकडे असं नव्हतं' म्हणताना जरा जपून. एकेका झाडाला हजारोंनी बिया येतात. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. म्हणून ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. फुलल्यावर उपटले तर बी आणखी पसरते.

रस्त्यांचेही गणित असेच असते. बाहेरून एक दिसणारा रस्ता आतून अनेक खात्यांचा असतो. डांबर एकाचे, जलवाहिनी दुसऱ्याची, वीज तिसऱ्याची, झाडे चौथ्याची. लोहमार्गावरील पुलात बहुधा रुळांवरचा भाग रेल्वे बांधते आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते राज्य सरकार. त्यामुळे कुठे पूल तयार आणि रस्ता नाही, तर कुठे रस्ता तयार आणि पूल नाही! यमुना ओलांडून मयूर विहारला जाणाऱ्या बारापुल्ला उन्नत मार्गाचे काम २०१५ मध्ये सुरू झाले, मुदत २०१७ ची होती. नंगली रझापूरजवळच्या थोड्याशा जमिनीचा ताबा मिळेना, आणि २०२४ संपले तरी मार्ग अपुराच होता. खांब उभे करणे त्या मानाने सोपे असते हो, अडते ते जमिनीपाशी.

मग आपण हात जोडून बसायचे का? मुळीच नाही. विलंबाला कायद्यानेही हळूहळू लगाम घातला आहे. १९८४ च्या दुरुस्तीने निवाड्याला दोन वर्षांची मर्यादा आली. २०१३ च्या नव्या कायद्यात तर ताब्यानंतर पाच वर्षे वापराविना पडलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी भूमी बँकेला परत करण्याची तरतूद आहे. शिवाय २००५ पासून माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे.

'रस्ता कधी होणार?' या प्रश्नाला 'लवकरच' हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : जमिनीचा ताबा कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून? वाहिन्या हलवण्याचे पैसे संबंधित खात्याकडे भरले का? करारातली पूर्णत्वाची तारीख कोणती? सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्या उत्तरावरून कोणत्या दारी जायचे ते कळते.

मंडपासाठी वर्गणी, परवानग्या, वीजजोडणी हे सारे आपण दरवर्षी चिकाटीने जमवतो. तीच चिकाटी वर्षातून एकदा कॉलनीतल्या एका भूखंडासाठी वापरली, तर पुढच्या भाद्रपदात तिथे गाजर गवताऐवजी मुले खेळताना दिसतील.