बाहेर जाऊ द्यायचे का?

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी बी.एड. करत होतो. मामूंच्या घरी नवा असेंबल्ड कॉम्प्युटर आला होता आणि खानदानात इंग्रजी वाचणारा म्हणून मला सारखे बोलावणे यायचे. तक्रार एकच होती. डायल-अप जोडले की थोड्या वेळात पडद्यावर एक चौकट यायची, साठ सेकंद उलटे मोजायची आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. मामूंनी आधी विजेला दोष दिला, मग दुकानदाराला.

दोष दोघांचाही नव्हता. ११ ऑगस्टला ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म जगभर पसरू लागला होता. त्याला कोणी फाइल उघडण्याची गरज नव्हती. मशीन इंटरनेटला जोडलेले असले की पुरे. १३५ क्रमांकाच्या पोर्टवरून, विंडोजमधल्या एका उणिवेचा फायदा घेऊन तो आत यायचा. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती, पण आमच्या डायल-अपवर ती उतरून होण्याआधीच साठ सेकंद संपायचे. गंमत म्हणजे विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासूनच एक फायरवॉल होती. ती बंद ठेवून दिलेली असायची आणि ती आहे हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

शेवटी एका मित्राने मासिकासोबत आलेल्या सीडीवरून दुरुस्ती टाकली आणि जाता जाता ‘झोनअलार्म’ही बसवून दिले. त्या दिवसापासून कॉम्प्युटर प्रश्न विचारू लागला. हा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ पाहतो आहे, जाऊ द्यायचे का? हो की नाही? आणि खाली एक छोटा चौकोन: हे उत्तर लक्षात ठेवू का? मामूंचा चौथीतला मुलगा ओरडला, “भाईजान, ये कौन पूछ रहा है?”

त्या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही. फायरवॉल आधी संस्थांसाठी होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची हजारो यंत्रे ठप्प केली, तेव्हापासून संस्था आपल्या जाळ्याच्या वेशीवर पहारा बसवू लागल्या. हा पहारेकरी पत्ता आणि पोर्ट पाहायचा. पाकीट कुठून आले, कुठे निघाले, एवढेच. आतल्या कोणत्या यंत्रावरच्या कोणत्या प्रोग्रामने ते पाठवले, हे वेशीवरून दिसणे शक्यच नव्हते.

घरगुती कॉम्प्युटरवर मात्र पहारेकरी यंत्राच्या आतच राहायला आला आणि त्याला प्रोग्रामचे नाव दिसू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या झोन लॅब्जने २००० च्या सुमारास झोनअलार्म घरगुती वापरासाठी फुकट दिले. त्यात प्रोग्रामांची एक यादी असायची. प्रत्येक नावापुढे हिरवी खूण म्हणजे परवानगी, लाल फुली म्हणजे मनाई आणि निळे प्रश्नचिन्ह म्हणजे दर वेळी विचार. रकाने दोन प्रकारचे होते, ‘अ‍ॅक्सेस’ आणि ‘सर्व्हर’. हा फरक मला समजायला फार दिवस लागले. अ‍ॅक्सेस म्हणजे घरातल्या माणसाने बाजारात जाऊन यावे. सर्व्हर म्हणजे त्याने ओट्यावर दुकान मांडून बसावे आणि कोणीही अनोळखी येऊन त्याच्याशी बोलावे. ब्राउझरला बाजार लागतो, दुकान लागत नाही. शिवाय हे दोन्ही ‘विश्वासातले जाळे’ आणि ‘इंटरनेट’ यांसाठी वेगवेगळे ठरवता यायचे. म्हणजे शेजाऱ्यासाठी दार उघडे ठेवून परक्यासाठी बंद ठेवता येत होते.

या प्रश्नाने काय साधले, याचे एक उदाहरण मला शिक्षक म्हणून फार जवळचे वाटते. २००० मध्ये अमेरिकेत झोनअलार्म वापरणाऱ्या एका पालकाला इशारा आला. बाहेर जाऊ पाहणारी गोष्ट ‘रीडर रॅबिट’ या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली होती आणि ती गुपचूप मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीशी संपर्क साधत होती. त्या पालकाला प्रोग्रामिंग यायची गरज पडली नाही. फक्त कोणीतरी विचारावे लागले.

अर्थात नावावर भरवसा ठेवण्यात धोका होता. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह गिब्सन यांनी २००० च्या अखेरीस ‘लीकटेस्ट’ नावाचा इवलासा प्रोग्राम लिहिला. तो फक्त बाहेर जाऊन दाखवायचा. त्याच्या फाइलला ब्राउझरचे नाव दिले, की नुसते नाव पाहणाऱ्या फायरवॉल त्याला सलाम करून सोडत. झोनअलार्म नावाबरोबर फाइलचा ठसाही तपासायचे, म्हणून ते या परीक्षेत टिकले. पण पुढच्याच वर्षी ‘टूलीकी’ आला. तो स्वतः बाहेर जातच नसे. लपवलेल्या खिडकीत खराखुरा इंटरनेट एक्स्प्लोरर उघडायचा आणि आपला निरोप त्याच्याकडून पाठवायचा. ठसा खरा, परवाना खरा, माल दुसऱ्याचा.

बंगालच्या इतिहासात हे आधी घडून गेले आहे. १७१७ च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला जकातीतून सूट मिळाली. कंपनीचा दस्तक दाखवला, की नाक्यावर माल अडवायचा नाही. मग कंपनीचे नोकर त्याच दस्तकावर आपला खासगी माल नेऊ लागले, इतर व्यापाऱ्यांना दस्तक विकूही लागले. नाक्यावरच्या माणसाला कागद खरा आहे एवढेच कळायचे. वैतागून मीर कासिमने १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली.

आमच्या घरच्या नाक्यावर मी बसलो होतो आणि माझी कामगिरी काही भूषणावह नव्हती. एके दिवशी ‘जेनेरिक होस्ट प्रोसेस’ने परवानगी मागितली. नाव संशयास्पद वाटले, मी ‘नाही’ म्हटले आणि ‘लक्षात ठेव’वर खूणही केली. इंटरनेट गेले. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच घरगडी, वेबसाइटच्या नावाचा पत्ता शोधण्यासारखी कामे त्याच्यामार्फत होतात, हे मला दोन दिवसांनी कळले. त्यानंतर घाबरून मी सगळ्यांनाच ‘हो’ म्हणू लागलो. अनेकांचे असेच झाले असणार.

मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल चालू करून द्यायला सुरुवात केली. ती प्रश्न विचारायची, पण फक्त दुकान मांडणाऱ्यांना. बाजारात जाणाऱ्यांना ती अडवत नसे. व्हिस्टामध्ये बाहेर जाणाऱ्यांनाही रोखण्याची सोय आली, पण आपसूक सेटिंग ‘जाऊ द्या’ असेच. एका अर्थी मीर कासिमचाच मार्ग. युक्तिवाद असा, की घातक प्रोग्राम एकदा आत येऊन चालू झाला, की तो पहारेकऱ्यालाच झोपवू शकतो. आणि लोक तसेही ‘हो’च दाबतात. यातले दुसरे वाक्य मी नाकारू शकत नाही. पण लोकांना चूक करता करता जे कळत होते, तेही त्या प्रश्नाबरोबर गेले. प्रोग्राम बाहेर जातात, हेच मला त्या चौकटीमुळे पहिल्यांदा समजले होते.

आता सगळे फोनवर आले आहे. अँड्रॉइड २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, माइक, लोकेशन यांसाठी थांबून विचारतो. इंटरनेटसाठी विचारत नाही. ती परवानगी त्याने ‘सामान्य’ गटात टाकली आहे, अ‍ॅप बसवताच ती मिळते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली, की ‘मुस्लिम प्रो’ या नमाजच्या वेळा सांगणाऱ्या अ‍ॅपमधून लोकेशनची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जात होती आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. लष्कराला माहिती विकल्याचा आरोप अ‍ॅपवाल्यांनी फेटाळला आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले.

ते ऐकून मामूंनी आपला फोन माझ्यापुढे ठेवला. लोकेशन विचारले होते, त्यांना आठवत होते. किब्ला दाखवायला ते लागणारच. “और बाहर जाने का कब पूछा?” सेटिंगमध्ये खोल जाऊन मी त्यांना ती ओळ दाखवली. इतर क्षमतांच्या यादीत, कंपन करणे आणि फोन झोपू न देणे यांच्या सोबतीला, ‘संपूर्ण नेटवर्क अ‍ॅक्सेस’ असे लिहिलेले होते. मामू ती ओळ बंद करायला बोटाने दाबत राहिले.