वेगाला जागा हवी

तीन वर्षांपूर्वी पाडव्याच्या दिवशी आमच्या घरासमोर एक नवी मोटारसायकल येऊन उभी राहिली. माझ्या पुतण्याने घेतली होती. केटीएम कंपनीची आरसी ३९०. हँडल खाली, बैठक वर आणि बसणारा टाकीवर ओणवा. घरातल्या बायकांनी हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. माझी आई ऐंशीच्या घरात आहे. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "अरे, दळणाचा डबा कुठे ठेवायचा हिच्यावर?"

सगळे हसले. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर, तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. ओझे वाहण्यासाठी नव्हे, तर केवळ वेगासाठी बनविलेली ही गाडी आमच्यासारख्या घरात आली कशी? आणि त्या वेगाने ती चालवायची कोठे? या दोन प्रश्नांचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदविले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. स्कूटर घरी आली तेव्हा मी शाळेत जात होतो. हे काही आमच्याच घरचे नवल नव्हते. १९५९ साली बजाज कंपनीला दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. पण गाड्या किती बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवी. मागणी मोठी, पुरवठा थोडा. लोक वर्षानुवर्षे, कोणी कोणी दहा-दहा वर्षे, नंबर लागण्याची वाट पाहत. एवढी वाट पाहून मिळालेली गाडी माणूस पळवीत नसे. पुसून, झाकून, जपून ठेवीत असे. तिच्यावर बायको, दोन मुले आणि बाजाराची पिशवी, एवढा संसार बसे.

१९८० नंतर जपानी कंपन्यांच्या सहकार्याने नव्या मोटारसायकली निघू लागल्या. १९९१ साली बहुतेक उद्योगांवरची परवान्याची अट गेली. २००१ साली बजाजची पल्सर आली आणि खेड्यापाड्यांतल्या तरुणांना वेगाची चव लागली. २००७ साली बजाजने ऑस्ट्रियातील केटीएम या कंपनीत साडेचौदा टक्के भाग घेतला. पुढे केटीएमच्या लहान गाड्या पुण्याजवळच्या चाकण येथे बनू लागल्या. २०१४ साली आरसी ३९० भारतात विक्रीला आली. तिचे इंजिन ३७३ सीसीचे, शक्ती चाळीस अश्वशक्तीहून अधिक. वडिलांना स्कूटरसाठी जितकी वर्षे थांबावे लागले, तितके दिवसही पुतण्याला या गाडीसाठी थांबावे लागले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

दुसरा प्रश्न मात्र जड आहे. पूर्वी आमच्या महाविद्यालयात एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगत नाही. त्यानेही अशीच गाडी घेतली होती. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी दोन दिवस गैरहजर असे लिहिले. तिसऱ्या दिवशी खरे काय ते कळले. शहराबाहेरच्या हमरस्त्यावर, सायंकाळच्या वेळी, समोर उसाची ट्रॉली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि मुलाच्या गाडीला वेग फार होता. दोघांतला दोष कोणाचा किती, याचा हिशेब करून त्याच्या आईला काय मिळणार?

पण एक हिशेब आपण सर्वांनी करावा. शिक्षक बंधुभगिनींनी तो फळ्यावर मांडावा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ताशी १०० म्हणजे २८ मीटर. समोर काही दिसले आणि ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिली गाडी १४ मीटर आणि दुसरी २८ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर पहिलीला थांबण्यास समजा १५ मीटर लागले. मग दुसरीला किती? मुले पटकन् ३० म्हणतात. ते चूक आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. उत्तर आहे ६०. म्हणजे एक गाडी २९ मीटरवर उभी राहते, तर दुसरी ८८ मीटरवर. मधले ५९ मीटर कोणाच्या तरी अंगावरून जातात.

बरे, वेग आणि रस्ता यांचे हे भांडण आपल्याच देशात लागले असे नाही. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावरच्या मोटारींना ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली. मोटार बनविणारे पेचात पडले. गाडी पळवून पाहायची तरी कोठे? तेव्हा लॉक किंग नावाच्या एका जमीनदाराने वेब्रिज गावाजवळ आपल्या स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने, काँक्रीटचा मोठा ट्रॅक बांधला. त्याचे नाव ब्रुकलँड्स. १९०७ साली तो सुरू झाला. केवळ मोटारींच्या वेगासाठी मुद्दाम बांधलेला हा जगातला पहिला ट्रॅक मानतात. वळणावर त्याची कड नऊ मीटरच्या आसपास उंच केलेली होती. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत ज्यांनी मौत का कुआँ पाहिला असेल, त्यांना यातली युक्ती लगेच कळेल. जमीन तिरपी केली की वेगातली गाडी बाहेर फेकली न जाता भिंतीला धरून राहते. १९०८ पासून तेथे मोटारसायकलीही धावू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक सोय झाली. युद्धासाठी बांधलेल्या विमानांच्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या विमानतळावर १९४८ साली मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमची युद्धकाळातील धावपट्टी अशीच उपयोगात आली. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे कित्येक वर्षे शर्यती भरविल्या. पुढे या क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे कायमचा ट्रॅक बांधला. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. पुतण्याने जाण्याचे ठरविले ते तेथेच.

मी त्याला एवढेच म्हटले होते, "गाडी घेतलीस, हरकत नाही. पण वेगाने चालवायची असेल तर मला दाखवून चालव." तो म्हणाला, "मग काका, मद्रासला चला." पहिले हजार किलोमीटर त्याने इंजिन न ताणता, जपून चालविले. पहिली सर्व्हिसिंग झाली. गाडी टेंपोतून रवाना केली आणि आम्ही दोघे रेल्वेने गेलो. मुंबईहून निघालेला हा लोहमार्ग १८६० साली सोलापूरला पोहोचला आणि १८७१ साली रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला. तेव्हापासून सोलापूरकराला मद्रास काही परके नाही.

तेथे मला पहिले नवल वाटले ते शिस्तीचे. गाड्यांचे आरसे काढलेले, पुढच्या दिव्याच्या काचेवर चिकटपट्ट्या लावलेल्या. पडल्यावर काचा विखरू नयेत म्हणून. अंगात जाड चामड्याचा अखंड पोशाख, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, हनुवटीपर्यंत झाकणारे शिरस्त्राण. प्रत्येक गाडीची तपासणी झाली. मग सर्वांना बसवून झेंड्यांचा अर्थ सांगितला. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, कोणी कोणाला मागे टाकू नये. लाल म्हणजे सराव थांबला, सावकाश परत यावे. काळ्यापांढऱ्या चौकटींचा म्हणजे फेऱ्या संपल्या. सगळ्यांची दिशा एकच. समोरून कोणी येत नाही, आडवे गुरू नाही, सायकलवर शाळेला निघालेले पोर नाही. कडेला मोकळी जमीन आणि रुग्णवाहिका तयार.

दुपारी एका वळणावर पुतण्या पडला. गाडी घसरत मातीत गेली, तो दुसरीकडे. माझ्या तोंडचे पाणी पळाले. पिवळा झेंडा हलू लागला, मागची मुले सावकाश बाजूने गेली. तो उठला, कपडे झटकले आणि माझ्याकडे पाहून त्याने हात वर केला. त्या क्षणी मला हजेरीपटावरचे ते दुसरे नाव आठवले. वेग जवळजवळ तोच असेल. जागा निराळी होती.

मंडळी, एक गोष्ट मनाला लागते. २०१४ सालीच जर्मनीत तरुण मुलांसाठी याच आरसी ३९० गाड्यांची शर्यतमालिका सुरू झाली. चाकणला आपल्या कामगारांच्या हातांनी जुळविल्या जाणाऱ्या या गाड्या तिकडची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली ट्रॅकवर चालवू लागली. आपली मुले मात्र त्याच गाड्या घेऊन उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढतात. इरुंगाट्टुकोट्टै, कोइमतूर, ग्रेटर नोएडा ही देशातील मोटारसायकल शर्यतींची नावाजलेली ठिकाणे. तिन्ही महाराष्ट्राबाहेर. गाडी आपण बनवितो, तिला पळायला जागा देण्यात मागे पडलो.

आणि जागा देण्याची रीत आपल्याला माहीत नाही असेही नाही. बैलगाडा शर्यत पाहा. पुणे जिल्ह्यात तिच्यासाठी गावोगाव घाट आहेत, विदर्भात शंकरपट आहे. शर्यतीचा खोंड कोणी आठवडी बाजारातून पळवीत नाही. त्याची जागा ठरलेली, दिवस ठरलेला, पंच ठरलेला. न्यायालयाने घातलेली बंदीही उठली ती नियम मान्य केल्यावरच. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासंबंधीचा कायदा कायम केला. बैलाच्या वेगाला जे आपण दिले ते इंजिनाच्या वेगालाही देता येईल. जिल्ह्याजिल्ह्यांत ट्रॅक होतील तेव्हा होतील. तोवर मुलगा गाडी मागायला आला तर नुसते नाही म्हणू नका, नुसते हो तर मुळीच म्हणू नका. त्याला विचारा, "पळवणार कोठे?" आणि उत्तर मिळेपर्यंत किल्ली आपल्या हाती ठेवा.

पुतण्याची गाडी आजही दारात उभी आहे. गावात तो ती चाळीसच्या पुढे नेत नाही. दळणाचा डबा मात्र अजून वडिलांच्या जुन्या स्कूटरवरूनच जातो.