झडपा, ठिणगी आणि मिश्रण : लहान एंजिनांच्या इतिहासातील एक प्रकरण

अंतर्ज्वलन एंजिनाचा इतिहास बहुधा शर्यतीच्या मोटारींच्या अनुषंगाने सांगितला जातो. सामान्य माणसाच्या अर्थव्यवहाराशी ज्याचा निकट संबंध आहे, ते लहान एंजिन त्यात उपेक्षित राहते. सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील कुंभारी येथे २००६ साली विडी-कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत साकार झाली. शहराबाहेर अशा वस्त्या वसू लागल्या की कामाचे, बाजाराचे व दवाखान्याचे अंतर रोज कापावे लागते, आणि तेथे एका लिटरात किती मैल हा प्रश्न घरखर्चाचा प्रश्न बनतो. त्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सिलिंडरात हवा व इंधन कसे मिसळतात यावर अवलंबून असते.

पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात दट्ट्याच्या एका धावेस सेकंदाचा अवघा दोनशेवा भाग मिळतो. एवढ्या अवधीत मिश्रण आत यावयाचे, दुसऱ्या तेवढ्याच अवधीत ते दाबले जावयाचे, आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पोचावयाची. वायू निश्चल असता तर हे घडणेच शक्य नव्हते. आत शिरणाऱ्या प्रवाहाला जी खळबळ लाभते तीच मिश्रण एकजीव करते व ज्योतीला वेग देते.

झडपांची संख्या वाढविण्याची कल्पना मूलतः या हेतूने पुढे आली नव्हती. १९१२ साली फ्रान्सच्या ग्रां-प्री शर्यतीत विजयी झालेल्या प्यूजो मोटारीच्या प्रत्येक सिलिंडरास चार झडपा होत्या. एका मोठ्या झडपेऐवजी दोन लहान झडपा बसविल्यास त्यांचा एकत्रित परीघ वाढतो व हवेला अधिक वाट मिळते, एवढाच तेथील हिशेब होता. १९६७ च्या कॉसवर्थ एंजिनाने याच रचनेचा निराळा गुण प्रकट केला. झडपांमधील कोन अवघा ३२ अंशांचा ठेवल्याने ज्वलनकक्ष आटोपशीर झाला, आणि उभ्या वाटेने येणारा प्रवाह कोलांटी घेतल्याप्रमाणे फिरू लागून मिश्रणाचे ज्वलन त्वरेने होऊ लागले.

तथापि या गुणातच एक दोष दडलेला आहे. वाट रुंद झाली की कमी वेगात प्रवाह मंदावतो, आणि शहरातील वाहन बहुतांश काळ कमी भारावरच चालते. पूर्ण भारावर उत्तम श्वास घेणारे एंजिन अल्प भारावर मिश्रण नीट घुसळीत नाही. होंडा कंपनीने १९९१ साली कमी वेगात दोन आदान-झडपांपैकी एक जवळजवळ मिटलेली ठेवून हवेस भोवऱ्याची गती दिली, ती याच कारणाने.

पुण्याच्या बजाज ऑटोने या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. २००१ साली बाजारात आलेल्या पल्सर मोटारसायकलीस २००३ मध्ये दोन ठिणगी-प्लगांचे एंजिन मिळाले. दोन झडपांच्या कक्षात मध्यभाग झडपांनी व्यापलेला असल्याने प्लग कडेस बसवावा लागतो आणि ज्योतीस सबंध व्यास ओलांडावा लागतो. समोरासमोर दोन प्लग असल्यास हे अंतर निम्म्यावर येते, व पातळ मिश्रणही वेळेत जळते. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांसाठी केलेल्या या रचनेचा एकस्वासाठी अर्ज २००२ चा असून ते २००५ मध्ये मंजूर झाले.

२००७ साली दक्षिणेतील टीव्हीएस कंपनीने फ्लेम ही १२५ घनसेंटिमीटरची मोटारसायकल जाहीर केली. तिच्यातही दोन प्लग होते. परंतु झडपा तीन होत्या, दोन आदानाच्या व एक निष्कासाची. मद्रास उच्च न्यायालयात वाद उभा राहिला. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने मनाई दिली; मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठविली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा देऊन हिशेब ठेवण्यास सांगितले आणि असे दावे सामान्यतः चार महिन्यांत निकालात काढावेत, असा दंडक घालून दिला. तरीही उभय पक्षांतील समेट २०१९ मध्येच झाला.

या वादाचे महत्त्व केवळ कायद्यापुरते नाही. शोधाचा गाभा प्लगांच्या जोडीत आहे की सबंध कक्षाच्या रचनेत, हा येथील मूळ प्रश्न होता. प्लगच मोजावयाचे म्हटले तर दोन्ही एंजिने एकच ठरतात. मिश्रण कसे तयार होते हे पाहावयाचे म्हटले तर तिसरी झडप गौण राहत नाही. कारण ती प्रवाहाची चालच पालटते. एक मार्ग मंद मिश्रणास दोन्हीकडून पेटविण्याचा, दुसरा ते मिश्रणच चपळ करण्याचा.

यंत्रशाळेने मात्र हे द्वैत न्यायालयाआधीच पुसावयास घेतले होते. बजाजच्याच २००७ च्या एक्ससीडी मोटारसायकलीत जोडप्लगांस हवेच्या भोवऱ्याची जोड देण्यात आली. २०१२ च्या पल्सर २००-एनएसमध्ये तर चार झडपा व तीन प्लग एकत्र नांदले. तिच्या सिलिंडराचा व्यास ७२ मिलिमीटर होता. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि इंधनाचे माप विद्युत्-नियंत्रित फवाऱ्याकडे गेले. परंतु फवारा फक्त माप अचूक करतो. घुसळण आजही झडपा व वाटा यांच्या घडणीवरच अवलंबून आहे.

झडप, वाट, कक्ष आणि ठिणगी यांचा इतिहास वेगवेगळा लिहिता येत नाही, हा या प्रकरणाचा इत्यर्थ होय. एकस्वाच्या कागदावर भाग सुटे मांडता येतात. सिलिंडरात ते सेकंदाच्या दोनशेव्या भागात एकत्र यावे लागतात.